कावळ्याला दिलेला शब्द

३० नोव्हेंबर २००६
काल कौसाचा दहावा झाला, नदीवर.

ही वही मोटरींची, जळालेल्या मोटरींत नवी तार भरायच्या माझ्या धंद्याची. कुठल्या मोटरीत कुठल्या जाडीची तार, किती फेरे, एवढंच हिच्यात लिहीत आलो. मागची पानं कोरी आहेत. जिच्याशी बोलायचो ती बायको गेली, म्हणून आता वहीशी.

पिंड मांडला आणि सगळे मागं सरलो. समोरच्या उंबरावर कावळे मोप, पण एक खाली उतरेना. मनोहर पुढं झाला. "आई, आण्णांना शेवटपर्यंत सांभाळीन." कावळे जागचे हलले नाहीत. शोभा म्हणाली, भावाशी कधी वाकडं बोलणार नाही. तरी नाही. ऊन चढलं. म्हाताऱ्या बायका डोक्यावर पदर ओढून खाली टेकल्या. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसणार, तेवढ्यात माझा चुलतभाऊ दगडू मोठ्यानं म्हणाला, "आण्णा, वैनीचा जीव कशात गुतलाय ते समद्या गावाला ठावं हाय. बोल की आता."

पुढं झालो. हात जोडले. म्हणालो, "कौसा, आजपासून दारूला शिवणार नाही. जन्मात नाही."

तोंडातला शब्द संपतोय तोवर कावळा खाली. भाताचा घास घेऊन गेला. बायका रडायला लागल्या. मनोहरनं माझे पाय धरले, ते सोडेचना. चाळीस माणसांनी बघितलं.

आता जे कुणी बघितलं नाही ते. सकाळी नदीवर निघायच्या आधी मी शेडमध्ये गेलो होतो. वार्निशच्या डब्यामागं पाव बाटली होती. तीन घोट घेतले. हात इतका कापत होता की तिळाचं पाणी सोडता आलं नसतं. वर दोन लवंगा चावल्या.

मग शब्द दिला तो कुणी? मी, का त्या तीन घोटांनी?

३ डिसेंबर
चौथा दिवस. घामानं अंथरूण भिजतंय. पाणी पोटात ठरत नाही. अंगावर मुंग्या चालल्यासारखं होतं, बघावं तर मुंगी नाही. मनोहरनं उरवड्याच्या कंपनीत रजा टाकली आणि मला पौडला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "इतक्या वर्षांची एकदम तोडता, तेही कुणाला न विचारता. जीव गेला असता." गोळ्या दिल्या. दोन दिवस तिथंच ठेवून घेणार आहेत.

सुरेखानं, सुनेनं, पेज आणली. चमचा तिनं धरला. पोरीला आजवर मी काय सुख दिलं?

१२ डिसेंबर
घरी येऊन आठवडा झाला. आज शेडमध्ये गेलो. पाच एचपीची एक मोटर महिनाभर पडून आहे. जळकी तार काढायचं काम जमलं, त्याला हात थरथरला तरी चालतो. नवी तार स्लॉटमध्ये बसवायला घेतली. दोनदा तारेवरचा लेप सोलला गेला. ठेवून दिली.

वार्निशच्या डब्यामागची बाटली मनोहरनं नेलेली दिसते. 

१९ डिसेंबर
गावात निघालो की लोक थांबतात. चहाच्या टपरीवर बाकावर जागा करून दिली. दगडू सगळ्यांना रंगवून सांगतो, "शब्द निगाला आन् कावळा सूं करून खाली." पंधरा वर्षांत मला कुणी जागा दिली नव्हती, उलट आपली पिशवी जवळ घ्यायचे. बरं वाटतं. आणि आतून खरवडल्यासारखं होतं.

रोज चार वाजले की जीभ कोरडी पडते. पाय आपोआप फाट्यावरच्या गुत्त्याकडं वळतात. आज चपला घातल्याही होत्या. सुरेखा म्हणाली, "आण्णा, जरा लसूण सोलून देता?" सोलला. अख्खी परडी सोलली.  दोघांनाही कळलं होतं.

६ जानेवारी २००७
एक गिऱ्हाईक आलं. शेळके नाव, चाळिशीचा, लातूरकडचा. हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत हिशेबनीस आहे, भूगावला भाड्यानं राहतो. सोसायटीचा पंप जळाला म्हणून घेऊन आला. मी पाना हातात घेतला तर पान्याचा टकटक आवाज मोटरीवर. मी म्हणालो, थंडी फार पडली यंदा. तो माझ्या हाताकडं बघत राहिला, म्हणाला, "पडली खरी." मग म्हणाला, "गुरुवारी येतो, काका. सावकाश करा."

११ जानेवारी
शेळके मोटर न्यायला आला. मोटर चालली एकदम गोड. तार बसवताना मात्र तीन दिवस घाम निघाला, एरवी दीड दिवसाचं काम.

टेम्पोत मोटर चढवली आणि तो परत आत आला. म्हणाला, "काका, सात वर्षांपूर्वी मला कपबशी धरता येत नव्हती. ऑफिसात चहा आला की मी बाथरूमला जायचो. तुमचे किती दिवस झाले?"

आजवर इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं. म्हणालो, "त्रेचाळीस."

"एकट्यानं?"

"एकट्यानंच. न्हाई, कावळ्याच्या साक्षीनं."

तो हसला नाही. कागदावर पत्ता लिहून दिला. पिरंगुटला जुन्या वाचनालयाच्या मागची खोली, दर रविवारी अकरा वाजता. "आमच्यासारखेच असतात सगळे. नुसतं येऊन बसा."

१४ जानेवारी
गेलो. रीत म्हणून नारळ, फुलं आणि भंडाऱ्याची पुडी पिशवीत घेतली. आमच्याकडं दारू सोडायची म्हणजे देवापुढं बेल-भंडारा उचलायचा. मला वाटलं तिथं कुणी बुवा असेल, त्याच्या हातून उचलायचा.

खोलीत नऊ माणसं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. एक बाई पण होती, चांगल्या घरची. मी दारातच उभा राहून विचारलं, "नारळ कुणाच्या पायाशी ठेवायचा?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. ती बाई म्हणाली, "काका, इथं पाय कुणाचेच धड नाहीत." तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. नारळ शेवटी उंबऱ्यावर आपटून फोडला आणि तिळगुळाबरोबर सगळ्यांनी खाल्ला.

मग एकेक जण बोलला. एकानं लेकीच्या लग्नात मांडवातच पडल्याचं सांगितलं. कुणी हूं की चूं केलं नाही, कुणी त्याला समजावलं नाही. नुसतं ऐकलं. मी काही बोललो नाही. निघताना शेळकेला विचारलं, "शपथ कधी देता?"

"इथं शपथ नसते, काका. फक्त आजच्या दिवस घ्यायची नाही. उद्याचं उद्या."

येताना बसमध्ये विचार करत होतो. आजच्या दिवस, हे काय सोडणं झालं? असं गावात सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारा उद्याची सोय करून ठेवतोय.

४ फेब्रुवारी
चौथी मीटिंग. शेळकेनं सांगितलं, रात्री निजायच्या आधी वहीत फक्त एवढं लिहा: आज नाही. मी "आ. ना." असं लिहीत जाईन. मोटरीच्या फेऱ्यांची मोजणी करतो तसं.

आ. ना.

४ मार्च
शिमगा. दगडूच्या खळ्यात सकाळपासून पीत बसलेत. हाक मारायला कुणी आलं नाही, त्यांना माझं कौतुक आहे. हाक मारली असती तर काय केलं असतं कुणास ठाऊक. अकराची मीटिंग गाठली. तिथून आल्यावर तीन वाजता सुरेखानं पुरणपोळी वाढली. चार खाल्ल्या. चार वाजल्याचं कळलंच नाही. आ. ना.

८ एप्रिल
आज तोंड उघडलं. मीटिंगमध्ये कौसाचं बोललो. सतरा दिवस दवाखान्यात होती, त्यातले नऊ दिवस मी खाली आवारात झाडाखाली पिऊन पडलेलो. ती वर विचारायची, "ह्ये जेवलं का?" एवढंच बोललो. तीन घोटांचं नाही बोललो.

ती बाई (जोशीबाई म्हणतात) नंतर म्हणाली, "काका, अजून काहीतरी राहिलंय तुमच्या पोटात. घाई नाही."

आ. ना.

२२ एप्रिल
आज एक करून बसलोय, ते बरं का वाईट, कळत नाही.

बबन. गावाच्या नळयोजनेची मोटर चालवतो, पाणी सोडतो. पन्नाशीचा. त्याची मोटर मीच भरतो वर्षानुवर्षं, आणि फाट्यावर आम्ही दोघं एकाच बाकावर. त्याची बायको छबू त्याला हाताला धरून घेऊन आली. मागं पाच-सहा बायका. हातात ताट, ताटात बेल आणि भंडारा.

"आण्णा, तुमच्या शब्दाला कावळा उतारला. तुमच्या हातनं भंडारा द्या ह्यांना. तुमच्या हातचा मोडायचे न्हाईत."

मी म्हणालो, "छबू, मी कोण गं? बबन, माझ्याबरं पिरंगुटला चल, तिथं चांगली माणसं हायेत."

बबन खाली बघत म्हणाला, "मीटिंगबिटिंग नगं, आण्णा. तू दे. तू दिलास तर मला जमंल."

बायका बघत होत्या. नाही म्हणालो असतो तर का म्हणून सांगावं लागलं असतं. भंडारा उचलून त्याच्या कपाळाला लावला. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "आण्णाची आण, जन्मात घ्यायचा न्हाई." छबूनं मला वाकून नमस्कार केला.

आ. ना.

२९ एप्रिल
शेळकेला सांगितलं. त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाला, "काका, तो पडला तर कुणाकडे येईल? तुमच्याकडे येण्याचं दारच बंद केलंत तुम्ही."

मला राग आला. म्हणालो, "तुमी शहरातली. आमच्यात शब्दाला किंमत असते." तो म्हणाला, "असेल. म्हणूनच म्हणतो." बसमध्ये मी त्याच्याशी बोललो नाही.

आ. ना.

२७ मे
अधिक महिना. शोभाच्या नवऱ्याला धोंड्याचं जेवण. तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, धोतरजोडी. सकाळपासून गडबड, त्यामुळं मीटिंगला गेलो नाही. घरचं कार्य टाकून कसं जायचं. जावई खूश. सगळं नीट पार पडलं. आ. ना.

३ जून
अंगात कसकस. मीटिंग नाही. आ. ना.

१० जून
पावसाचं आभाळ. काम नाही. शेळकेचा मनोहरच्या मोबाईलवर फोन आला होता, झोपलोय म्हणून सांगायला लावलं. आ. ना.

१७ जून
आ. ना.

२६ जून
चार दिवस झाले गावाला पाणी नाही. बाया विहिरीवर. ग्रामपंचायतीत बोंबाबोंब, बबन कामावर नाही, घरातही नाही.

दुपारी छबू आली. एकटी. दारात उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "तुमाला सांगायचं न्हाई असं बोलल्यात. पर आता मला ऱ्हावत न्हाई. सा आठवडं झालं परत लागल्यात. नदीच्या जुन्या, बंद पंपघरात ऱ्हात्यात. घरला या म्हटलं तर म्हंत्यात, आण्णाच्या हातचा भंडारा मोडलाय, त्याच्या दारावरनं कसा जाऊ? वाटंवर तुमचंच घर हाय नव्हं."

मी खाली बसलो. ती म्हणाली, "तुमी रागावू नका त्यांच्यावर." मी. रागावू नको.

२७ जून
पंपघरात गेलो. बबन गंजक्या मोटरीच्या पायाला पाठ लावून बसलेला. डोळे हळदीसारखे पिवळे. मला बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. "आण्णा, देव कोपला. जा तू."

त्याच्या शेजारी बसलो. पाऊस पत्र्यावर वाजत होता, त्यामुळं मोठ्यानं बोलावं लागलं. म्हणालो, "बबन, दहाव्याला पिंडाम्होरं उभा होतो तवा माझ्या पोटात तीन घोट होते. आन् धोंड्याच्या दिशी जावयानं बाटली आणली, त्यातला एक पेला मी परसात जाऊन घेतला. त्यानंतर बी घेतली. तू एकटा न्हाईस."

त्यानं मान फिरवली.  मग म्हणाला, "म्हंजी कावळा आपला असाच आला?"

"ठावं न्हाई. भूक लागली असंल त्याला."

बबन हसायला लागला. हसता हसता ओकला. ओकारीत रक्त होतं. पोरांना हाका मारल्या, जीपमध्ये घालून पुण्याला सरकारी दवाखान्यात.

२९ जून
वहीची मागची पानं उलटली. २७ मे. खोटं. त्या दिवशी घेतली. ३, १०, १७ जून, सगळ्या ठिकाणी "आ. ना." लिहिलंय, ते खोटं. मधे न लिहिलेले दिवस धरून नऊ वेळा घेतली. दुसरं कुणी ही वही वाचत नाही. तरी खोटं लिहिलं. कुणासाठी लिहिलं?

खोडत नाही. तसंच राहू दे. चुकलेली कॉइल कापून काढावी लागते, पण हे कापता येत नाही.

काल नाही. आज नाही. मोजणी इथून.

१ जुलै
मीटिंग. सगळं बोललो. तीन घोट, परसातला पेला, बबनचा भंडारा. बोलून झाल्यावर कुणीतरी शाबासकी देईल नाहीतर शिव्या देईल असं वाटलं. काही नाही. पुढच्या माणसाची पाळी आली, तो बोलायला लागला. त्याचं मला फार बरं वाटलं.

जाताना शेळके म्हणाला, "घरी सांगितलंत?"

नाही.

आ. ना.

२२ जुलै
बबनला घरी सोडलं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलंय, एक पेला जरी घेतला तरी वाचायचा नाही. छबूनं भंडाऱ्याचं ताट पुन्हा काढलं होतं. मी म्हणालो, "छबू, ह्या टायमाला ताट ठेव आत. चहा कर." तिला पटलं नाही, पण केला.

आ. ना.

१२ ऑगस्ट
बबन मीटिंगला आला. माझ्या मागं लपून बसला, एवढा सहा फुटी माणूस. जोशीबाईंनी विचारलं, "काही बोलणार?" म्हणाला, "मी पानी सोडतो." एवढंच. कुणी हसलं नाही. मग आपणच म्हणाला, "चार दिस सोडलं न्हाई. लोकं विहिरीला गेली." आणि रडला.

परतताना बसमध्ये मला म्हणतो, "तुझ्या मोटरीवानी झालंय माझं. आतनं जळालंय समदं. ह्ये भरतंय का रं परत?"

म्हणालो, "वेळ लागतो. जळकं आधी काढावं लागतं."

आ. ना.

१६ सप्टेंबर
शेळकेची बदली हैदराबादला. आज शेवटची मीटिंग. खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. मी म्हणालो, माझे अजून तीन महिने पण झाले नाहीत, दुसऱ्या कुणाला द्या. तो म्हणाला, "बाकी सगळे लांबचे आहेत. आणि काका, नवा माणूस नारळ घेऊन आला तर तुम्हीच ओळखाल त्याला."

दहा माणसं माझ्या येण्यावर खोळंबतील. आजवर माझ्यामुळं माणसं खोळंबली ती वेगळ्या कारणानं. किल्ली करदोट्याला बांधलीय, कौसा तिजोरीची कमरेला खोवायची तशी.

आ. ना.

७ ऑक्टोबर
मनोहरला सांगायचं ठरवून तीन वेळा शेडमधून घरात गेलो. एकदा तो टीव्ही बघत होता. एकदा जेवत होता. तिसऱ्यांदा आईच्या फोटोला हार घालत होता. स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला, "आण्णा, तुम्ही तेव्हा बोलला नसता तर आईचा जीव तिथंच अडकला असता. मला अजून रात्री कधी कधी तो कावळा आठवतो आन् बरं वाटतं."

काय सांगायचं त्याला? खरं सांगावं तर त्याच्या आईची सुटका काढून घेतल्यासारखं होईल. न सांगावं तर त्याची ती बरं वाटायची जागा माझ्या लवंगांवर उभी आहे.

पूर्वी अशा वेळी एक उपाय होता. फाट्यापर्यंत चालत जायला बारा मिनिटं लागतात. मोजलीत मी.

लसूण सोलला. आ. ना.

२५ नोव्हेंबर
तारखेनं वर्ष झालं, पण अधिक आल्यामुळं तिथी पुढं गेली. कौसाचं वर्षश्राद्ध ९ डिसेंबरला, अमावास्येला. रविवार आलाय. दगडू येऊन सांगून गेला, "आण्णा, पान ठेवताना परत एकदा बोल. लोकं येणार हायेत ऐकायला." सुरेखाच्या माहेरची माणसं पण येणार.

बबनला विचारलं, काय करू. तो म्हणाला, "मला इचारतोस? मी तुला देव समजत होतो तवा मरत होतो. माणूस समजलो तवापासनं जगतोय. पर मनोहर माझा पोरगा न्हाई."

आ. ना.

८ डिसेंबर
उद्या. सकाळी नऊला पान ठेवायचं, म्हणजे दहाच्या बसनं पिरंगुट गाठता येईल. गुरुजींना लवकर या म्हणून सांगितलंय.

दुपारी चार वाजता फार कठीण गेलं. इतकं कठीण जूननंतर पहिल्यांदाच. बबनकडं जाऊन बसलो.  त्यानं मला नळाचा व्हॉल्व्ह सोडायला दिला, अख्ख्या आळीला मीच पाणी सोडलं. आ. ना.

९ डिसेंबर २००७
गुरुजींना उशीर. नऊचं साडेनऊ. पिंड झाले. सुरेखानं पान वाढलं. कौसाला आवडायची ती अळूची भाजी, वडे, खीर. मनोहरनं पान शेडच्या पत्र्यावर ठेवलं. अंगणात पन्नास-साठ माणूस. कावळे समोरच्या लिंबावर, नेहमीचेच, रोज माझ्या ताटातलं खाणारे. एकही उतरला नाही.

दगडू म्हणाला, "आण्णा."

मनोहरनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत भरवसा. त्या डोळ्यांकडं बघत बोललो असतो तर पुन्हा खोटंच बोललो असतो, म्हणून पानाकडं बघून बोललो.

म्हणालो, "कौसा, गेल्या साली शब्द दिला तवा मी घेऊन आलो होतो. तीन घोट. लवंग चावून. मधी उन्हाळ्यात परत घेतली, नऊ वेळा. आता साडेपाच महिने घेतली न्हाई. उद्याचं सांगत न्हाई. आज न्हाई घेतली. तेवढंच हाय माझ्यापाशी."

 कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "अगं बया." दगडू पाय आपटत बाहेर गेला. शोभा रडायला लागली. मनोहर पत्र्याकडं बघत उभा. त्याचा जबडा हलत होता, लहानपणी मार खाल्ल्यावर हलायचा तसा.

कावळा नाही आला. पाच मिनिटं. दहा. गुरुजी घसा खाकरत म्हणाले, "दर्भाचा करू का?"

रस्त्यावर बबन उभा होता. हात वर करून मनगटाकडं बोट दाखवत होता. दहाला पाच कमी. किल्ली माझ्या कमरेला. दहा माणसं खोलीबाहेर उन्हात उभी राहतील आणि त्यात एखादा आज पहिल्यांदाच आलेला असेल. थोडा वेळ वाट बघून परत फिरेल, आणि परत फिरून कुठं जाईल ते मला माहीत आहे.

मनोहरला म्हणालो, "मला खोली उघडायला जायचंय. तू थांब आईपाशी."

 मी निघालो. पाठीवर पन्नास माणसांची नजर घेऊन आळी ओलांडली. वाट इतकी लांब आहे हे ठाऊक नव्हतं.

खोली उघडली. खुर्च्या मांडल्या. नवीन एक जण आला होता, लवळ्याच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी. दारात उभा राहिला तेव्हा हात पाठीमागं लपवलेले. मी म्हणालो, "असू द्या कापत. आत या."

दोनला परत आलो. पाहुणे पांगले होते. पत्र्यावरचं पान रिकामं. सुरेखाला विचारलं. ती म्हणाली, "मी भांडी घासत होते, आण्णा. कावळ्यानं खाल्लं का मांजरानं, बघितलं न्हाई." मग शेडकडं मान करून म्हणाली, "ते बघत होते. पर ते काय बोलंनात."

मनोहर शेडमध्ये आहे. मी दारातून बघितलं. जळकी मोटर समोर घेऊन तार तोडतोय. त्याला हे काम येत नाही, कधी शिकवलं नाही मी. तोंड वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातलं. पक्कड चुकीची धरलीय. अजून आत गेलेलो नाही.

सहाला दहा कमी आहेत. दिवस अजून संपलेला नाही, म्हणून ते दोन शब्द आत्ताच लिहीत नाही. आधी शेडमध्ये जातो.